ठोसरमॅडमच्या खुर्चीतली ओळ

ती ओळ मी लिहिली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझ्याविषयी भलता चांगला समज करून घेणार नाही.

मंगळवारी सकाळी पावणेअकराला आमच्या 'वळण'ने चौकशी समितीसाठीचा अहवाल तयार करून माझ्या पडद्यावर टाकला. माळशेंद्रे गावच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या संगणकप्रणालीत सत्तेचाळीस हजार ओळी होत्या. त्यांतल्या एका ओळीपायी गेल्या ऑगस्टात गावाला सहा दिवस क्लोरीनशिवाय पाणी गेलं, दोनशे चाळीस जणांना कावीळ झाली आणि तिघं दगावली. ओळ म्हणतो खरं, पण तो सतरा ओळींचा तुकडा होता, घात करणारी त्यातली एक. ती कोणी लिहिली हे शोधायचं काम आमच्याकडे आलं होतं. अहवालात लिहिलं होतं: अरुंधती ठोसर, शहाण्णव टक्के.

मी तुकडा वाचला. पुन्हा वाचला. पलीकडच्या टेबलावर आमची माणसं नाश्त्याला काय मागवायचं यावर वाद घालत होती, आणि कोणीतरी मला विचारलं तेव्हा मी इडली म्हणालो. इतकं साधं उत्तर तोंडातून कसं निघालं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

'वळण' काय आहे ते सांगायला हवं. दहाएक वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे साधारण २०३० पर्यंत, एखादी प्रणाली कोणी लिहिली हे शोधायची वेळ येत नसे. प्रत्येक बदलाची नोंद राहायची आणि नोंदीत नाव असायचं. मग कोड यंत्रं लिहू लागली. माणसाच्या खात्यातून, माणसाच्या नावाने, दिवसाला हजारो ओळी. नोंदीतल्या नावाला काडीचा अर्थ उरला नाही. त्याच सुमारास कायदा आला. पाणी, वीज, दवाखाने, लिफ्ट अशा गोष्टींच्या प्रणाली लिहिणाऱ्यांची सरकारदरबारी नोंदणी हवी, आणि ज्याच्या चुकीने जीव जाईल त्याची नोंदणी कायमची रद्द व्हावी, नाव जाहीर व्हावं. कायदा चांगला होता. फक्त तो माणूस शोधायचा कसा, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ते आम्ही शोधून काढलं.

हस्ताक्षराला जसं वळण असतं तसं कोड लिहिण्यालाही असतं. दोघांना एकच काम द्या. एकजण आधी मोजमाप आलंय की नाही हे तपासेल, दुसरा आलंच असणार असं धरून पुढे जाईल. एकाची नावं लांबलचक, दुसऱ्याची दोन अक्षरी. कोणी एका ओळीत सगळं कोंबतो, कोणी दर पायरीला थांबतो. लिहिणाऱ्याला स्वतःच्या या सवयी माहीतही नसतात. 'वळण' अशा साडेचार हजार सवयी मोजतं. माणसाचं आधीचं लिखाण त्याला दिलं की त्या माणसाचा एक ठसा तयार होतो, आणि मग कुठलाही बेवारशी तुकडा त्या ठशाशी ताडून बघता येतो. एकतीस प्रकरणांत आमचा अहवाल मान्य झाला होता. मी व्यासपीठांवरून सांगत फिरायचो की माणूस विसरतो, माणूस खोटं बोलतो, वळण बदलत नाही. लोक टाळ्या वाजवायचे आणि मला त्या आवडायच्या.

माझा भागीदार फिरोज तांबोळी याने पहिल्याच वर्षी एक शंका काढली होती. एखाद्याने दुसऱ्याच्या शेजारी बसून, त्याच्याच हाताखाली सगळं शिकलं असेल तर दोघांचं वळण एकच नाही का येणार? आम्ही चाळीस जणांवर चाचणी घेतली. ते सगळे कॉलेजात आणि इंटरनेटवर शिकलेले होते, एका माणसापाशी बसून शिकलेला त्यांत कोणी नव्हता. गोंधळ फारसा दिसला नाही. मग आम्ही अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात एक टीप घातली आणि पुढे गेलो. एका माणसापाशी बसून शिकलेला मनुष्य त्या चाचणीच्या खोलीत होता, तो चाचणी घेत होता.

२०२३ साली मी बावीस वर्षांचा होतो आणि नाशकात सातपूरला ठोसरमॅडमच्या कंपनीत शिकाऊ म्हणून लागलो. कंपनी म्हणजे एका वर्कशॉपच्या वरचा मजला आणि सहा माणसं. लहान गावांच्या पाणीपुरवठ्याच्या प्रणाली त्या लिहायच्या. मोठ्या कंपन्या ज्या गावांची नावंही नीट उच्चारत नाहीत, अशी गावं.

मॅडमची एक पद्धत होती. शिकाऊ मुलांना मुख्य प्रणालीत बदल करायचा अधिकार नसायचा, तो फक्त मॅडमच्या खात्याला. तुमचा तुकडा तयार झाला की मॅडम स्वतःच्या खुर्चीतून उठायच्या आणि म्हणायच्या, "बस." मग तुम्ही त्यांच्या लॅपटॉपवर तो तुकडा पहिल्यापासून पुन्हा टाइप करायचा. उचलून चिकटवायचा नाही. हाताने पुन्हा लिहिलं की चूक आपली आपल्याला दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहायच्या. "आधी काय बिघडेल ते लिही," हे मी त्यांच्या तोंडून दिवसातून पाचसहा वेळा ऐकलं असेल. आम्ही लिहिलेलं सगळं अशा रीतीने त्यांच्या नावावर जमा व्हायचं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. आठव्या महिन्यात असा दिवस आला की मी पूर्ण तुकडा टाइप केला आणि मागून एक शब्दही आला नाही. त्या दिवशी मी घरी चालत गेलो, इतका आनंद झाला होता.

माळशेंद्र्याचं काम त्यानंतरचं. पाणी टाकीत जाण्यापूर्वी त्यात क्लोरीन किती आहे हे एक सेन्सर मोजायचा. कमी भरलं की क्लोरीनचा पंप चालू, पुरेसं झालं की बंद, इतकं सरळ. प्रात्यक्षिकाच्या दिवशी गावचे नगराध्यक्ष, अभियंते, दहाबारा नगरसेवक आले होते. मॅडम त्यांना घेऊन गाळणीचे हौद दाखवायला गेल्या आणि मी पॅनेलच्या खोलीत एकटा राहिलो. सेन्सरची केबल सैल होती. दर दोनचार सेकंदांनी पडद्यावरचा आकडा शून्यावर जायचा, पंप खडखडायचा, पुन्हा आकडा यायचा. मंडळी दहा मिनिटांत खोलीत येणार होती.

केबल घट्ट करायला माझ्याकडे पाना नव्हता. मॅडमचा लॅपटॉप उघडाच होता. मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि सतरा ओळी लिहिल्या. त्यांचा मथितार्थ एवढाच, की सेन्सरकडून मोजमाप आलं नाही तर शेवटचं चांगलं मोजमाप धरून चाल. वर शेरा टाकला: तात्पुरतं, केबल बदलल्यावर काढणे. पडद्यावर ०.४ हा आकडा खिळल्यासारखा स्थिर झाला. मंडळी आली, बघून गेली, खूश झाली.

परतताना मॅडमनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. खाताना त्यांनी मला विचारलं, "आकडा उड्या मारत होता सकाळी. केबल घट्ट केलीस का तू?"

मी म्हटलं, "हो."

सांगितलं असतं तर त्यांनी ती ओळ त्याच संध्याकाळी काढायला लावली असती, हे मला माहीत होतं. पण सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. नंतर केबल बदलली गेली, मी पुण्याला मोठ्या नोकरीवर गेलो, आणि ती ओळ तिथेच राहिली. आमच्या धंद्यात तात्पुरतं म्हणून लिहिलेलं जितकं टिकतं तितकं विचार करून लिहिलेलं टिकत नाही. माळशेंद्र्याच्या पॅनेलमधला, ही प्रणाली चालवणारा डबा अठरा वर्षं कोणी उघडला नाही. रोज हाताने पाणी तपासणारा माणूस निवृत्त झाला तेव्हा त्याच्या जागी दुसरा नेमला नाही, कारण पडदा कधी चुकत नसे. गेल्या ऑगस्टात धरणातून गढूळ पाणी आलं, सेन्सरवर गाळ बसला आणि तो मुका झाला. डब्याने शेवटचं चांगलं मोजमाप धरलं. पाणी ठीक आहे असं समजून पंप सहा दिवस बंद राहिला, आणि पडद्यावर ०.४ दिसत राहिलं.

त्या मंगळवारी दुपारी मी फिरोजला सगळं सांगितलं. मग त्याने मला नीट, एकेक करून प्रश्न विचारले. अठरा वर्षांपूर्वीचं इतकं लख्ख आठवतं का, तेव्हाचा काही कागद आहे का, कोणी पाहिलं का. कागद नव्हता, कोणी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला की तू बोललास तर प्रश्न एका ओळीचा राहणार नाही. एकतीस माणसांची नोंदणी आपल्या शब्दावर गेली आहे. त्यांतले किती जण कोणाचे तरी गुरू होते, हे आपण कधी विचारलंच नाही. शेवटी तो म्हणाला, थोडं थांब, सुनावणीला अजून दहा दिवस आहेत, विचार करू.

फिरोजला मी दोष देणार नाही. थांब हा एकच शब्द मला ऐकायचा होता आणि तो मी त्याच्याकडून काढून घेतला. बुधवारी सकाळी अहवालावर माझी सही झाली आणि तो समितीकडे गेला. समितीने त्याची एक प्रत ठोसरमॅडमना पाठवली.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो होतो, हे मी शपथेवर सांगू शकतो, पण माझ्या शपथेला आता काय किंमत आहे म्हणा. मधल्या वर्षांत दिवाळीला फोन, कधीतरी एखादी भेट, एवढाच संबंध राहिला होता. मॅडम आता सत्तावन्नच्या होत्या. एकट्याच राहायच्या. अकरा गावांच्या पाण्याच्या प्रणालींवर अजून त्यांची सही चालत होती. यंत्राने लिहिलेलं ओळ न् ओळ वाचून सही करणारी माणसं राज्यात थोडी होती, आणि त्या त्यांतल्या एक. नोंदणी गेली की ते सगळं थांबणार होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तीन माणसांच्या मृत्यूला जबाबदार म्हणून त्यांचं नाव गावोगावच्या फलकांवर लागणार होतं.

जेवणाच्या टेबलावर त्या सतरा ओळी कागदावर छापून ठेवलेल्या होत्या. लाल पेन्सिलीच्या खुणांनी कागद भरला होता. माझ्यासाठी त्यांनी दडपे पोहे केले होते. मला आवडतात हे त्यांच्या लक्षात होतं.

त्या म्हणाल्या, "मला हे लिहिल्याचं काही केल्या आठवत नाही रे. चार दिवस नुसती आठवतेय. पण वाचलं की माझंच वाटतं. बघ ना, आधी काय बिघडेल ते लिहिलंय, आणि मग बिघडलं ते झाकून टाकलंय. मी असं कशी करेन, हेच कळत नाही."

त्या पुढे सांगत होत्या. शुक्रवारी त्या माळशेंद्र्याला जाऊन आल्या होत्या. अहिरे नावाच्या गृहस्थांची मुलगी गेली होती, पूनम. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना होता. या काविळीत गरोदर बाई वाचणं कठीण असतं. मॅडम त्यांच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या की ते मी लिहिलं होतं. अहिरे काय बोलले हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बोलायला पाहिजे तेच बोलले."

मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुझ्या यंत्राची चूक असू शकते का?"

इतकी सरळ वाट आयुष्यात पुन्हा कोणी मला करून दिली नसती. त्या माझ्यासमोर बसल्या होत्या, घरात तिसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "चार टक्के."

त्यांनी मान डोलावली. "चार टक्क्यांच्या आड मी नाही लपणार," म्हणाल्या, आणि माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले. मी ते खाल्ले. सगळे खाल्ले. माझ्या वाईटपणाचा कोणी पुरावा मागितला तर मी त्या ओळीचा देणार नाही, त्या पोह्यांचा देईन. ओळ लिहिणारा पोरगा होता आणि घाबरलेला होता. पोहे खाणारा चाळीस वर्षांचा, पूर्ण शुद्धीवर असलेला माणूस होता.

पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला सुनावणी सुरू झाली. समितीच्या अध्यक्षा बनसोडबाई, निवृत्त न्यायाधीश. आवाज हळू, पण मागच्या रांगेतसुद्धा स्पष्ट ऐकू यायचा. आधी मॅडमचं निवेदन होतं, नंतर तज्ज्ञ म्हणून माझी साक्ष. माझ्या हातात अहवाल होता आणि काय बोलायचं हे मी फिरोजबरोबर घोकून आलो होतो. अहवाल समजावून सांगायचा, शेवटच्या पानावरची टीप मोठ्याने वाचायची आणि शंकेला जागा ठेवायची. त्यातच मॅडम सुटल्या तर सुटल्या. असा मध्यम मार्ग आम्ही काढला होता.

मॅडमनी उभं राहून दीड मिनिटात निवेदन वाचलं. चूक आपली आहे, शिक्षा मान्य आहे. कागद घडी करून ठेवताना त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. "त्या वेळी माझ्याकडे शिकायला चारपाच मुलं होती. ती मी सांगेन तेवढंच करायची. त्यांच्यापैकी कोणाला कृपा करून बोलावू नका. त्यांचा यात काही संबंध नाही."

बनसोडबाईंनी माझं नाव पुकारलं. मी समोर गेलो आणि अहवाल मिटून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "ती ओळ यशोधन गायधनी याने लिहिली आहे. म्हणजे मी."

खोलीत कुजबुज झाली. बनसोडबाईंनी ती थांबवली आणि पुरावा काय म्हणून विचारलं. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मला विचारलं की तुमच्याच यंत्रावर तुमचं स्वतःचं लिखाण ताडून पाहता येईल का. फिरोजने तिथल्या तिथे ताडलं. माझं गेल्या पाच वर्षांचं लिखाण त्या तुकड्याशी अकरा टक्के जुळलं. अकरा. यंत्रांच्या संगतीत माझं वळण केव्हाच बदललं होतं. आणि २०२३ मधलं माझं सगळं लिखाण मॅडमच्या खात्यात, मॅडमच्या नावावर होतं. 'वळण'ला मॅडमचा ठसा शिकवताना आम्ही त्याला बराचसा माझाच ठसा शिकवला होता. बनसोडबाई म्हणाल्या की आपल्या गुरूला वाचवायला शिष्य पुढे येतो हे समजण्यासारखं आहे, पण तुम्हीच एकतीस वेळा लिहून दिलंत की माणसाच्या आठवणीवर विसंबू नये.

तेव्हा फिरोज उठला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याने चाळीस जणांच्या चाचणीची गोष्ट सांगितली, शंका त्याला पहिल्या वर्षापासून होती हेही सांगितलं, आणि आमच्या दोघांच्या कंपनीचा निकाल स्वतःच्या तोंडाने लावून तो खाली बसला.

बनसोडबाईंनी मॅडमकडे बघितलं. मिसळ खाताना यांनी सांगितलं तसं काही बोलणं झालं होतं का, आठवतं का तुम्हाला? मॅडम म्हणाल्या, "झालं होतं. केबल घट्ट केलीस का, म्हणून मी विचारलं होतं. हा हो म्हणाला." त्यांनी पुढे सांगितलं, "दुसऱ्या दिवशी मी माणूस पाठवला तेव्हा केबल सैलच निघाली होती. मला वाटलं, पुन्हा सैल झाली असेल. याच्यावर शंका घ्यायचं माझ्या मनात आलं नाही."

त्या एका वाक्यावर निकाल फिरला: केबल सैल असूनही आकडा स्थिर राहिला होता, म्हणजे ओळ त्याच वेळी लिहिली गेली होती, आणि तेव्हा मॅडम हौद दाखवत होत्या, पॅनेलच्या खोलीत मी एकटा होतो. निकाल लागायला पुढे महिना गेला, पण तो फिरला तिथेच. माझी नोंदणी कायमची रद्द झाली. ज्याचा त्याचा बदल ज्याच्या त्याच्या नावावर न ठेवल्याबद्दल मॅडमना ताकीद मिळाली आणि त्यांची नोंदणी राहिली. 'वळण' बंद झालं, एकतीस प्रकरणं पुन्हा उघडली. आतापर्यंत त्यांतली चार उलटली आहेत. चार माणसं. नावं मला पाठ आहेत.

पण त्या शुक्रवारी दुपारी मी सभागृहाबाहेर आलो तेव्हा खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. छाती हलकी झाली होती. कुठेतरी आत आत असंही वाटत होतं की मी काही कमी धैर्याचं काम केलेलं नाही, आणि मॅडम आता जवळ येऊन पाठीवर हात ठेवतील.

मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, "रविवारी घरी आलास तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि अहवालावर सही केलीस तेव्हा?"

"हो."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं आणि पुन्हा बरं वाटून घेतलं असतं. त्या म्हणाल्या, "परवा बुधवारी मी परत गेले होते अहिऱ्यांकडे. पहिल्या वेळी मला नीट बोलता आलं नव्हतं, असं वाटत राहिलं म्हणून. आता तू जाऊन ये." आणि पर्समधून किल्ली काढत गाडीकडे चालू लागल्या.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. अहिऱ्यांची बाजारपेठेत पिठाची गिरणी आहे. दुपारची वेळ होती, एक बाई डबा घेऊन नंबर लावून बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर अहिऱ्यांनी हातातलं दळण पुरं केलं, मग गिरणी बंद केली. मला बाकावर बसायला सांगितलं. स्वतः उभे राहिले. साठीचा माणूस, भुवयांवर पीठ.

मी सगळं सांगितलं. केबल, ओळ, मिसळ, अहवाल, पोहे. काही वगळलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजी त्या बाईंनी नव्हतं केलं?"

"नाही."

"मग त्या हो कशापायी म्हनल्या?"

"मी गप्प बसलो म्हणून."

ते खाली पिठाच्या गोणीवर टेकले. गिरणी बंद झाल्यावर कानात जी शांतता होते ती तिथे होती. ते म्हणाले, "मी त्यांना लई वाईट बोललो. दोन टाइम आल्या, दोन्ही टाइमाला बोललो. बुधवारी तर गिऱ्हाइकांदेखत बोललो. म्हनलं, तुमच्या पोटी पोरगी असती तर असं लिव्हलं नसतं तुमी. त्या बाई हात जोडून उभ्या, हितं, तुमी बसले तितं. एक शबूद नाही बोलल्या." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "पूनमला हिकडं मीच आनलं होतं. तिची सासू म्हनत होती, दवाखाना आमच्याकडं चांगला आहे. मी म्हनलं, पहिलं बाळंतपन माहेरालाच. ते माझं मला सोसत नव्हतं, म्हनून त्यांच्यावर काढलं."

मी माफी मागायला लागलो आणि त्यांनी हाताने थांबवलं.

"त्यांचा नंबर असंल तुमच्याकडं. लावा फोन."

मी लावला. त्यांनी हात शर्टाला पुसले, फोन घेतला आणि उभे राहिले. "बाई, मी अहिरे बोलतो, माळशेंद्र्याचा," ते म्हणाले. "हे गायधनी आलेत हितं. सगळं सांगितलं त्यांनी. मला माफ करा, बाई. मी बोलायला नको होतं." पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. ते ऐकत होते आणि मध्येमध्ये तेच म्हणत होते, माफ करा. डबा घेऊन बसलेली बाई पदर तोंडाला लावून बघत होती. ज्याची मुलगी गेली तो माणूस माझ्यासमोर माफी मागत होता, आणि ज्याने ती मागायची तो मी बाकावर बसून होतो.

फोन परत देताना त्याला पीठ लागलं होतं. अहिऱ्यांनी त्या बाईचा डबा घेतला, वजन केलं, आणि गिरणीचं बटण दाबायच्या आधी माझ्याकडे वळून विचारलं, "अजून कोनी यायचं राहिलंय का, तेवढं सांगून जा. म्हणजी त्याच्यावर तोंड टाकायच्या आधी मी इचार करीन."

मी म्हटलं, नाही. आता कोणी नाही.

त्यांनी बटण दाबलं.